आपोआप म्हणणाऱ्यांनी हात वर करा

"आपोआप झालं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका. वर्गात ऐकलं, स्टाफरूममध्ये ऐकलं, सहलीच्या बसमध्ये ऐकलं, आणि एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात हातात ताट घेऊन उभी असतानाही ऐकलं. वाक्याच्या आधी एक ठरलेला हातवारा असे. सर उजवा हात पुढं धरायचे, पंजा जमिनीकडं, बोटं फाकलेली. "हे झाड. उलटं. खोड वर, फांद्या खाली. एका नळीच्या दोन, दोनाच्या चार, असं फुटत फुटत पार केसाहून बारीक. अन् पानांच्या जागी हवेचे फुगे. सगळे उलगडून अंथरले तर ही खोली पुरायची नाही. ते सगळं घडी घालून ठेवलंय इथं." मग पंजा छातीवर. मग डोळे बारीक. मग ते वाक्य.

स्टाफरूममध्ये एकच हात वर जायचा. माझा.

"मॅडमचा हात," सर समाधानानं म्हणायचे. "तो बी त्यानंच केला."

तुमच्याही ऑफिसात नाहीतर गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याला आयुष्यात एक गोष्ट लख्ख कळलेली असते आणि ती तो भेटेल त्याला सांगत सुटतो. असा माणूस लांबून गोड वाटतो. शेजारच्या टेबलावर बसवून बघा.

आमची शाळा लातूरची, डाळमिलांच्या बाजूला. सर जीवशास्त्र शिकवायचे, मी गणित. सर उदगीरकडचे लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या आत गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. त्यामुळं छातीवर कायम एक उंचवटा. हातवारा करताना पंजा नेमका त्या उंचवट्यावर येऊन टेकायचा. मी हिमायतनगरकडची. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कर्ता-करविता असा कुणी नाही. जे झालं ते कारणानं झालं, कारण शोधा आणि कामाला लागा, एवढंच मला लहानपणापासून माहीत. तेव्हा आमचं जमण्यासारखं काही नव्हतं, आणि टेबलं मात्र चिकटून.

वाद घालायचा नाही असं मी दर जूनमध्ये ठरवायची. जुलैपर्यंत टिकायचं.

एकदा मी विचारलं, सर, एवढा हुशार कारागीर, मग अन्नाची वाट आणि हवेची वाट घशात एकाच ठिकाणी का आणून ठेवली? माणसं घास अडकून मरतात. माझ्या आत्याला शेंगदाण्यापायी दवाखान्यात न्यावं लागलं होतं. एखाद्या गवंड्यानं स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं दार एकच ठेवलं, तर आपण त्याला पुन्हा कामावर बोलवू का?

सरांनी पोळीचा तुकडा शांतपणे चावला, गिळला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "ते जेवताना बोलू नये म्हणून."

सगळी स्टाफरूम हसली. मीही काहीतरी सुनावणार होते, पण माझ्या तोंडात घास होता.

असं प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार. डावं फुप्फुस उजव्यापेक्षा लहान असतं. का? तर हृदयाला जागा करून दिली. "शेजाऱ्यासाठी सरकून बसणारी वस्तू आपोआप होत असते काय, मॅडम?" श्वासनलिकेची कूर्चेची कडी मागून अर्धवट उघडी असतात. का? तर मागून अन्ननलिका जाते, घास उतरताना तिला फुगायला वाव हवा. नळीच्या आतल्या बारीक केसांबद्दल बोलताना तर त्यांचा आवाजच बदलायचा. धूळ वर ढकलणारे ते केस, आपण झोपलो तरी झाडत राहणारे. "कुणी पाहत नाही, कुणी शाबासकी देत नाही, अन् झाडणं चालूच." हे ऐकताना आमची झाडलोट करणारी मावशीसुद्धा झाडू थांबवून उभी राहायची, आणि मग स्टाफरूम अर्धीच झाडलेली राहायची.

वैताग मतभेदाचा नव्हता. वैताग वेळेचा होता. श्वसनाचा धडा दोन-तीन तासिकांचा. सर तो दोन आठवडे शिकवायचे. पचनसंस्थेला जेमतेम एक दिवस, मूत्रपिंडं तर मुलांनी घरी वाचून घ्यायची. तासिका कमी पडल्या की माझ्या मागायचे. मी नाही म्हणायची, मग मुख्याध्यापक मध्ये पडायचे, मग मी चरफडत द्यायची. माझी मुलं वर्गसमीकरणात कच्ची राहिली याला फुप्फुसं जबाबदार आहेत, असं मी एकदा बैठकीत स्पष्ट सांगितलं. सरांनी ते कौतुक समजून मान हलवली.

आता डब्याबद्दल सांगते.

सर इतके शाकाहारी की केक आणला तर आधी वेष्टन वाचणार. पण श्वसनाचा धडा चित्रावर शिकवायला त्यांची तयारी नव्हती. चित्रात श्वास नसतो म्हणायचे. त्यांना बकऱ्याची खरी फुप्फुसं हवी असत, श्वासनलिकेसकट. मी शाळेत रुजू झाले त्या वर्षी ते माझ्या टेबलाशी आले आणि खाली बघत म्हणाले, मॅडम, तुम्ही आणाल का?

मीच का, असं मी विचारलं. स्टाफरूममध्ये निम्मे लोक मटण खाणारे होते. त्यांच्यापैकी कुणालाही न विचारता ते नव्यानंच आलेल्या माझ्याकडं आले होते. का आले, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. सरांचे कान लाल झाले. मी म्हटलं, "आणते. पण तुम्ही बरोबर यायचं, आणि डबा तुम्ही धरायचा."

आले. दरवर्षी आले. धडा श्रावणात येऊ नये म्हणून दोन धडे मागं-पुढं करायचे, आणि आषाढात एका सकाळी आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून मटणाच्या दुकानाशी जायचो. मी आत. सर रस्त्याच्या पलीकडं, बांगड्यांच्या दुकानाकडं तोंड करून, हातात स्टीलचा डबा. बांगडीवाल्याला वाटायचं, मास्तरांना बांगड्या घ्यायच्यात आणि लाज वाटते. दुकानातले चाचा मान वाकडी करून बघायचे आणि मला म्हणायचे, "मास्टरसाब कू अंदर बुलाव ना. बकरा काटता, मास्टर नै काटता मैं." मी म्हणायची, चाचा, तुम्ही फक्त नळी लांब ठेवा आणि कुठं सुरी लागू देऊ नका. एक बारीक छिद्र पडलं तरी हवा राहत नाही, आणि मग मला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतं.

वर्गात सर ती फुप्फुसं स्वच्छ पाटावर ठेवायचे. सुरुवातीला ती कशी दिसतात सांगू? ओल्या फडक्यासारखी. मळकट, लोळागोळा. मुली नाकाला रुमाल लावायच्या. मग सर श्वासनलिकेत रबरी नळी बसवायचे, सुतळीनं बांधायचे आणि सायकलच्या पंपानं हळूहळू हवा सोडायचे. तो लोळागोळा हलायचा. कडेपासून रंग बदलत यायचा, मळकट लालाचा गुलाबी, गुलाबीचा जवळजवळ पांढरा. बघता बघता पाट भरून जायचा. रुमाल खाली यायचे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढं यायची. मीही मागं उभी असायची. डबा परत न्यायचा आहे, असं माझं कारण.

तेवढ्यात सर पंप बाजूला ठेवायचे आणि त्या सगळ्या मजेवर पाणी फिरवायचे. "आपोआप झालं म्हणणाऱ्यांनी हात वर करा." आणि त्याच्या पुढं, दरवर्षी, आणखी एक वाक्य: "हे त्याचं काम आहे. त्याच्या कामाला माणसाचं ठिगळ लागत नाही."

एका वर्षी ऐन वेळी पंपाचा वॉशर गेला. सरांनी पंप दोनदा दाबून बघितला. नुसता फुसफुस आवाज. मुलं वाट बघत होती. सरांनी पाटाकडं बघितलं, मुलांकडं बघितलं, रबरी नळीचं टोक धोतराला पुसावं तसं शर्टाला पुसलं, आणि तोंडात धरून फुंकलं. ज्या माणसाच्या घरी अंडं येत नाही, तो माणूस गळ्यात लिंग असताना बकऱ्याच्या छातीत स्वतःचा श्वास भरत होता. कपाळावरची शीर तट्ट फुगली. फुप्फुसं वर आली. वर्गात कुणी हललं नाही.

मी बाहेर येऊन त्यांना चांगलं खडसावलं. जंतू, जंतुसंसर्ग, अक्कल, हे सगळं एका दमात. ते ऐकून घेत होते की नाही कोण जाणे. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "माझ्याच श्वासानं फुगलं हो मॅडम," एवढंच म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली, आणि वहिनींनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन आला. तुम्ही शेजारी बसता, तुमच्यानं एवढं लक्ष ठेवणं होत नाही का, असं विचारत होत्या. म्हणजे तोही दोष माझाच.

आता त्या मुलीकडं येते.

ती नववीत होती. बारीक, हुशार, गणितात माझी आवडती. तिला दमा होता. वडील मागच्या डाळमिलमध्ये हमाल. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ, शिवाय दम लागला तर तेव्हाही ओढायला इन्हेलर दिला होता आणि त्यावर ती वर्षभर ठणठणीत होती. कबड्डीसुद्धा खेळायची. आषाढात सरांचा धडा झाला. तीही पुढं येऊन पाटाशी उभी होती, एवढं मला आठवतं.

डिसेंबर संपता संपता नवी तूर येते. मिला दिवसरात्र चालतात आणि आमच्या खिडक्यांच्या गजांवर पिवळट भुकटी बसते. अशाच एका दुपारी मी वर्गात गेले तर ही बाकावर पुढं वाकून बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली, गळ्याशी खड्डा पडतोय. नाव विचारलं तर एका दमात सांगता येईना. मी मुलांना बाहेर काढलं, खिडक्या लावल्या, तिला तशीच ताठ बसवली आणि दप्तर उपसलं. इन्हेलर नव्हता. तोवर आवाज ऐकून सर आले होते.

कुठं आहे, असं मी तिला विचारलं. तिनं सरांकडं बघितलं. मग तुटक तुटक म्हणाली, "बाबांनी... बंद केलं. सर म्हणले ना... ठिगळ लागत न्हाई."

मला सरांकडं बघायला वेळ नव्हता. रिक्षा बोलावली. मी एका बाजूला, सर दुसऱ्या बाजूला, ती मध्ये. वाटेत तिचे ओठ निळसर व्हायला लागले. सरांनी तिचा हात धरला होता. रिक्षावाल्याला मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यानं गाडी पळवली. दवाखान्यात तोंडाला मास्क लागला, औषधाची वाफ सुरू झाली, सुई झाली. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आता बरी आहे, पण आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

सर भिंतीशी उभे होते. "मॅडम, मी खरंच असं म्हणलो होतो?"

"म्हणालात. दरवर्षी म्हणता."

त्यांनी मान खाली घातली. मी औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानाकडं गेले. बोलायला भरपूर होतं.

मुलगी घरी गेली, पण प्रश्न सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. डाळमिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. वडील नुकतेच कामावरून आलेले, भुवयांवर तुरीची भुकटी. मी कागद काढला, नळी काढली, सुजलेली नळी काढली, औषधानं काय होतं ते काढलं. ते मन लावून ऐकत होते. हाव मॅडम, हाव मॅडम, बरोबर हाय म्हणत होते. आईनं चहा केला. मी खूश होऊन निघाले. चार दिवसांनी मुलीला विचारलं तर इन्हेलर कपाटावर, हात पोचणार नाही असा. सवय लागेल म्हणून. शिवाय सरांनी सांगितलेलं खोटं कसं असेल? मॅडम गणिताच्या, सर त्या विषयाचे.

माझं डोकं फिरलं. स्टाफरूममध्ये येऊन मी सरांच्या टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, तुमचं ठिगळ तुम्ही जाऊन काढा. सर खडूची पेटी बंद करून उठले. मला म्हणाले, तुम्ही बी चला.

मी दारात उभी राहिले, कारण आत जागा नव्हती. सरांनी बसायला दिलेली खुर्ची घेतली नाही. ते त्या माणसासमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाले, डोळे त्यानं केले, हे ठिगळ मी लावून फिरतो. हे काढून घेतलं तर मला तुमचं तोंड दिसत नाही. मग देवाचा अपमान झाला का? तो माणूस चष्म्याकडं बघत राहिला.

"मी वर्गात चुकीचं बोललो," सर म्हणाले. "पोरांपुढं बोललो, आता तुमच्यापुढं सांगतो. चूक माझी हाय."

एका मास्तरानं आपल्यासमोर खाली बसून असं म्हणावं, हे त्या माणसाला सोसेना. त्याच्या तोंडून एकदम खरं कारण बाहेर पडलं. आवाज बारीक करून म्हणाला, "सर, ठिगळाचं सोडा. पोरीच्या हातात ते तोंडात मारायचं दिसलं, तर उद्या सोयरीक कोन करंल?"

आत आईचा भांड्याचा आवाज थांबला. म्हणजे इतके दिवस हे होतं. मी कागदावर नळ्या काढत होते आणि हे होतं. सरांचं वाक्य फक्त त्यावर झाकण म्हणून कामाला आलं होतं.

सरांनी चष्मा परत घेऊन डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "सोयरीक जित्या पोरीची होते, मालक."

एवढंच. मी तासभर जे सांगितलं ते एका वाक्यात झालं, आणि ते वाक्य मला सुचलं नाही याचा मला आजही राग येतो. वडील उठले, कपाटावर हात घातला आणि इन्हेलरची डबी काढून मुलीच्या हातात दिली. आता इथं थांबावं की नाही? पण सर ते सर. उठता उठता म्हणाले, अन् ज्यानं हे औषध शोधलं, त्याचं डोकं तरी कुणी केलं? मी दारातच कपाळावर हात मारला.

पुढच्या आषाढात सर म्हणाले, यंदा दोन आणायची. एक चांगलं, एक खराब. आणि रस्ता ओलांडून माझ्याबरोबर दुकानात आले. बांगडीवाला बघत राहिला. चाचांनी घाईघाईनं स्टूल पुसलं. खराब म्हणजे कसलं ते त्यांना कळेना. "वो तो हम कुत्ते कू बी नै डालते, मास्टरसाब." पण बाजूला टाकलेलं एक त्यांनी आणून दाखवलं. गाठी गाठी, एका बाजूला घट्ट झालेलं. सरांनी ते स्वतः डब्यात घेतलं. चेहरा कडू झाला होता, पण हात मागं घेतला नाही.

वर्ग मुद्दाम दहावीचा घेतला, मागच्या वर्षीचीच मुलं. आधी चांगलं फुगवलं. मग खराब बांधलं. पंप मारला तसा अर्धा भाग गुलाबी होऊन वर आला आणि उरलेला तसाच दगडासारखा पडून राहिला. सरांनी आणखी हवा दिली. तो हललाच नाही. नेहमीचं वाक्य सर म्हणाले नाहीत. काय म्हणणार, ते मी मागं उभी राहून बघत होते.

ती मुलगी तिसऱ्या बाकावर होती. उभी राहिली. आवाज शांत होता तिचा.

"सर, मग माझं असं का केलं?"

पंप सरांच्या हातातच होता. तो त्यांनी खाली ठेवला. मला वाटलं, आता येणार काहीतरी तयार उत्तर, जेवताना बोलू नये म्हणून वगैरे. आणि आलं असतं, तर खरं सांगते, मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं बंद केलं असतं.

"माहीत नाही, बाळा," सर म्हणाले. "मी बी त्याला हेच विचारून राहिलो."

मुलगी खाली बसली. तिला ते पुरलं असावं. सरांनी दोन्ही फुप्फुसांच्या सुतळ्या सोडल्या, दोन्ही सारख्याच काळजीनं धुतली आणि डब्यात ठेवली.

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. सरांच्या तोंडून "माहीत नाही". दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आले, तर स्वारी एका नव्या शिक्षकाला कोपऱ्यात गाठून पंजा फाकवून उभी. उलटं झाड. मला राहवलं नाही. म्हटलं, सर, काल तर माहीत नाही म्हणालात?

"का केलं ते माहीत नाही म्हणलो," सर म्हणाले. "कुणी केलं ते माहीत हाय."

काय करणार अशा माणसाचं?

पण एक बदल झाला होता. ठिगळाचं वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गात जाऊन विचारायचे, कुणाकुणाला दमा हाय? हात वर करायला मुलं लाजायची. मग सर त्या मुलीला बोलवायचे, ती अकरावीला दुसरीकडं गेल्यावरही, आणि ती सगळ्यांसमोर इन्हेलर कसा ओढायचा ते करून दाखवायची. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग ओढायचा, मग धरून ठेवायचा. सर बाजूला उभे राहून तिच्याबरोबर स्वतःचाही श्वास धरायचे, आणि तिच्याआधी त्यांचाच सुटायचा. मुलं हसायची. हसता हसता एखादा हात वर यायचा. या कार्यक्रमासाठीही तासिका माझ्याच जायच्या.

सर निवृत्त झाले. शेजारच्या टेबलावर एक तरुण मुलगा आला. नम्र, वेळेवर धडे संपवणारा, कुणाची तासिका न मागणारा. माझी मुलं आता वर्गसमीकरणं व्यवस्थित सोडवतात. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये इतकी शांतता असते की डबे उघडल्याचा आवाज येतो.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं. फुप्फुसं शेवटपर्यंत चांगली होती हो, असं वहिनींनी मला मुद्दाम सांगितलं, आणि रडता रडता त्यांनाही किंचित हसू आलं.

लिंगायतांमध्ये बसवून पुरतात. मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सरांना खुर्चीत बसवून आणलं होतं, कपाळावर ठसठशीत विभूती, गळ्यात हार, पाठ ताठ. खड्ड्यात तसंच मांडी घालून बसवलं. त्यांच्या जंगम स्वामींनी मंत्र म्हटले. बेल वाहिला. मग विभूतीची पिशवी रिकामी झाली आणि लोक माती लोटायला पुढं झाले. वैशाखातली कोरडी माती, त्यात वारा. क्षणात सगळीकडं धूळ झाली.

माझ्या मागं कुणीतरी खोकलं. वळून बघितलं तर ती मुलगी. आता नांदेडला कॉलेजात शिकते. निरोप मिळताच बसनं आली होती. शेजारी तिचे वडील. खोकला थांबेना, तशी तिनं पर्समध्ये हात घातला. आजूबाजूला सगळं गाव जमलेलं, लग्नाच्या वयाच्या मुलांच्या आया, पाहुणे, पंच. वडिलांनी झटकन खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी तिच्या बाजूला पसरून धरला. मला वाटलं, झालं, लपवायला लागला. माझ्या ओठांवर एक कडक शब्द आलाही होता.

मग लक्षात आलं, रुमाल माणसांच्या बाजूला नव्हताच. वारा जिकडून येत होता त्या बाजूला त्यांनी तो धरला होता. माणसांच्या बाजूनं ती पुरती उघडी होती. दोन-तीन बायका टक लावून बघत होत्या, आणि ते त्यांना दिसत होतं.

तिनं घाई केली नाही. डबी हलवली, श्वास पूर्ण सोडला, इन्हेलर तोंडाशी धरून सावकाश ओढला आणि छातीत धरून ठेवला. वडील रुमाल ताणून उभे. खड्ड्याशी लोक तिच्यासाठी थांबले होते. मग तिनं श्वास सोडला, झाकण लावलं, मूठभर माती उचलली आणि पुढं गेली.